एकदाच कॉपी होणारी फाईल

योक्टोमध्ये, म्हणजे छोट्या उपकरणांसाठी लिनक्स बांधायच्या प्रकल्पात, नवा बिल्ड मांडायचा तर पहिली पायरी ठरलेली आहे. ओई-इनिट-बिल्ड-एन्व्ह ही स्क्रिप्ट सोर्स करायची, म्हणजे चालू शेलमध्येच चालवायची. स्क्रीनवर दोन-तीन परिच्छेद सरकतात: तुमच्याकडे लोकल.कॉन्फ नव्हती म्हणून ती तयार केली आहे, बीबीलेयर्स.कॉन्फ नव्हती म्हणून तीही केली आहे, मशीन (ज्या बोर्डासाठी बांधायचं तो) वेगळं हवं असेल तर फाईल उघडून बदला. हा मजकूर फारसं कुणी वाचत नाही. त्याच्याखाली प्रॉम्प्ट आलेला असतो आणि बोटं बिटबेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) टाइप करायच्या तयारीत असतात.

पण त्या क्षणात जे घडतं ते नीट बघण्यासारखं आहे. ‘तयार केली’ म्हणजे नक्की काय केलं? एका लेयरमध्ये (बिल्डच्या कृती आणि सेटिंग एकत्र ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये) ठेवलेली लोकल.कॉन्फ.सॅम्पल नावाची फाईल उचलली आणि बिल्ड डिरेक्टरीच्या कॉन्फ फोल्डरमध्ये नाव बदलून ठेवली. बीबीलेयर्स.कॉन्फ.सॅम्पलचंही तेच, फक्त तिच्यात ##ओईरूट## अशी खूण असते, तिच्या जागी तुमच्या कॉम्प्युटरवरचा खरा पाथ घातला जातो. कुठल्या फोल्डरमधले सॅम्पल उचलायचे हे टेम्प्लेटकॉन्फ या व्हेरिएबलवरून ठरतं, आणि पोकी या योक्टोच्या नमुना वितरणासारख्या रिपॉझिटरीत त्याची मूळ किंमत .टेम्प्लेटकॉन्फ नावाच्या एका लपलेल्या फाईलीत असते. सगळा कारभार एवढाच. जादू काही नाही, कॉपी आणि थोडं शोधा-बदला.

आणि मग संबंध संपतो. पुढच्या वेळी तीच स्क्रिप्ट चालवली की ती बघते, लोकल.कॉन्फ आहे ना? मग ती हात लावत नाही. टेम्प्लेट, म्हणजे ती सॅम्पल फाईल, सुधारलं, त्यातली चूक काढली, वाक्य स्पष्ट केलं, तरी ज्यांनी आधी कॉपी घेतली त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. बरोबरच आहे ते. लोकल.कॉन्फ ही त्या माणसाची फाईल, तिच्यात त्याने स्वतःचे बदल केलेले असतात, त्यावर कुणी पाणी फिरवू नये. पण टेम्प्लेटमधल्या कमेंट लिहिणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. मॅन्युअलचं पान चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतं आणि वाचणारा दुरुस्त पानच वाचतो. टेम्प्लेटमधली कमेंट म्हणजे पेटीत टाकलेलं पत्र. ते ज्याच्या घरी गेलं त्याच्या घरी तसंच राहणार.

माझं या बाबतीतलं सगळं म्हणणं या एका गोष्टीतून निघतं. कॉन्फिगरेशन टेम्प्लेटला डॉक्युमेंट करताना पहिला प्रश्न ‘काय समजावून सांगायचं’ हा नसतो. ‘यातलं काय अनेक वर्षं खरं राहील’ हा असतो. जे लवकर शिळं होणार ते त्या फाईलीत लिहायचंच नाही. त्याला दुसरी जागा शोधायची.

उदाहरण पोकीच्या सॅम्पलमधलंच घेऊ, कारण त्यात एक कमेंट मला फार आवडते. बीबी_डिस्कमॉन_डिर्स नावाचं व्हेरिएबल आहे. बिल्ड चालू असताना डिस्कवरच्या जागेवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे. त्यावरची कमेंट आधी काय होतं ते सांगते: टीएमपी, डाउनलोड किंवा एसस्टेटच्या (आधी बांधलेल्या भागांच्या साठ्याच्या) जागेत १ जीबीपेक्षा कमी उरलं, किंवा मोकळे आयनोड (फाईलींच्या नोंदीच्या जागा) १ लाखाच्या खाली गेले, तर चालू कामं पुरी करून बिल्ड शिस्तीत थांबेल, १०० एमबी किंवा १ हजार आयनोडच्या खाली गेलं तर जागच्या जागी थांबेल. इथवर ती कुठल्याही कमेंटसारखी आहे. पुढे मात्र ती कारण देते. डिस्क पूर्ण भरली तर फाईली खराब होतात आणि बिल्डची अशी मोडतोड होते की सहज दुरुस्त करता येत नाही. शिवाय /टीएमपीवरही नजर ठेवायला हवी, कारण तिथली जागा संपली तर अगदी चित्रविचित्र एरर येतात. हे ‘चित्रविचित्र’ ज्याने लिहिलं त्याने ते कधीतरी भोगलं असणार.

आता गंमत बघा. त्या व्हेरिएबलमध्ये ‘जागच्या जागी थांबव’ या अर्थाचा शब्द आधी अबॉर्ट होता. २०२२च्या एप्रिलमधल्या ४.० रिलीजमध्ये, म्हणजे कर्कस्टोनमध्ये, बरेच शब्द बदलले गेले आणि अबॉर्टचा हॉल्ट झाला. ज्यांच्याकडे जुनी कॉपी होती त्यांना ती ओळ हाताने बदलावी लागली. पण तिच्या वरची कारण सांगणारी वाक्यं? ती आजही जशीच्या तशी खरी आहेत. डिस्क भरल्यावर फाईली खराब होतात हे रिलीजवर अवलंबून नाही. ओळ जुनी झाली आणि कारण टिकलं. मी टेम्प्लेटच्या कमेंट तपासायला घेतो तेव्हा हाच निकष लावतो: खालची ओळ उद्या बदलली तर वरचं वाक्य खरं राहील का?

याच्या उलट टोकाला ‘मशीन निवडा’, ‘डाउनलोडची डिरेक्टरी इथे द्या’ या जातीच्या कमेंट आहेत. व्हेरिएबलचं नाव वाक्यात घोळवून परत सांगायचं. त्या चुकीच्या नसतात, पण वाचणाऱ्याला त्यांतून काही मिळत नाही. डाउनलोडच्या डिरेक्टरीबद्दल सांगण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे: हा फोल्डर बिल्ड डिरेक्टरीच्या बाहेर ठेवला तर अनेक बिल्ड मिळून तो वापरू शकतात, आणि बिल्ड पुसून नव्याने सुरू केला तरी सगळे सोर्स पुन्हा उतरवावे लागत नाहीत. हे एक वाक्य वाचलेल्या माणसाचे तास वाचतात. ‘डिरेक्टरी इथे द्या’ वाचून कुणाचं मिनिटही वाचत नाही.

कमेंट करून ठेवलेल्या उदाहरणांचा प्रश्न याहून बिकट आहे. टेम्प्लेटमध्ये अशा ओळी हमखास असतात: सुरुवातीला हॅश, पुढे चालेल अशी ओळ, म्हणजे हॅश काढला की काम झालं. वाचणाऱ्याला हे सगळ्यात सोयीचं, आणि लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही की आख्ख्या रिपॉझिटरीत या ओळींइतकं न तपासलेलं काही नसतं. त्या पार्स होत नाहीत, कुठल्या टेस्टमध्ये येत नाहीत. कुणीतरी हॅश काढेपर्यंत त्या मेल्यात की जिवंत आहेत ते कळायला मार्गच नसतो.

२०२१ साली हे ठळकपणे दिसलं. त्या वर्षी बिटबेकचं ओव्हरराइडचं, म्हणजे आधीची किंमत बदलायचं किंवा एखाद्या मशीनपुरती वेगळी द्यायचं, सिंटॅक्स बदललं. तोवर अपेंड, प्रीपेंड, रिमूव्ह (शेवटी जोडा, आधी जोडा, काढा) हे अंडरस्कोरने जोडायचे, त्याच्या जागी कोलन आला. ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.४, म्हणजे होनिस्टरपासून, जुन्या पद्धतीचा अपेंड दिसला की बिटबेक थेट एरर देतो आणि लेयर आधी बदलून घ्या म्हणतो. चालत्या ओळींना ही एरर मिळते. हॅशच्या मागे लपलेल्या ओळींना काहीच होत नाही. त्या गप्प बसून राहतात आणि सहा महिन्यांनी एखादा नवखा हॅश काढतो, एरर खातो आणि आपलंच काहीतरी चुकलं समजून तासभर शोधत बसतो. फाईलीनेच त्याला ती ओळ सुचवलेली असते, तेव्हा फाईलीवर संशय कसा येणार? आणि मशीनच्या नावावरचे ओव्हरराइड अंडरस्कोरने लिहिलेले असले तर एररही येत नाही. ते एक निराळंच व्हेरिएबल बनतं, कुणी ते वाचत नाही, आणि बदल लागू झाला असं समजून माणूस पुढे जातो.

म्हणून कमेंटमधली उदाहरणं मी मोजकीच ठेवतो, आणि ठेवली त्यांच्याबाबतीत एक नियम: रिलीज बदलताना प्रत्येक हॅश काढून एकदा पार्स करून बघायचं. कंटाळवाणं काम आहे. छोट्या स्क्रिप्टने करता येतं. न करण्याला मात्र सबब नाही.

याच जातीची आणखी एक बारीक गोष्ट. इमेजमध्ये एखादं पॅकेज वाढवायचं उदाहरण टेम्प्लेटमध्ये नेहमी असतं:

#इमेज_इन्स्टॉल:अपेंड = " एसट्रेस"

अवतरण चिन्हानंतर लगेच एक स्पेस आहे. अपेंड दोन्हींच्या मधे स्वतःहून स्पेस घालत नाही, नुसता मजकूर चिकटवतो. ही स्पेस गेली तर एसट्रेस आधीच्या पॅकेजच्या नावाला जाऊन चिकटतं आणि जगात नसलेल्या एका पॅकेजबद्दल एरर येते. आता ही स्पेस डोळ्याला दिसते का? दिसते, पण महत्त्वाची म्हणून दिसत नाही. कुणी ‘टापटीप’ करताना ती काढून टाकतो. अशा ठिकाणी कमेंट लागतेच, आणि ती एवढीच लागते: ‘सुरुवातीची स्पेस मुद्दाम आहे, काढू नका.’ मी पाहिलेल्या निम्म्याहून अधिक टेम्प्लेटमध्ये मशीनच्या नावावर चार ओळींची कमेंट असते आणि या स्पेसवर एक शब्द नसतो.

टेम्प्लेटला आपण जुने झालो हे कळावं म्हणून योक्टोने एक सोय केली आहे, ती फार कुणाच्या लक्षात येत नाही. लोकल.कॉन्फच्या तळाशी कॉन्फ_व्हर्जन नावाची ओळ असते. वरची कमेंट सांगते की फाईलीच्या रचनेत विसंगत बदल झाला की हा आकडा वाढतो, आणि तुम्हाला यातून काही बोध होत नसेल तर खुशाल दुर्लक्ष करा. (डॉक्युमेंटेशनमध्ये ‘दुर्लक्ष करा’ असं स्पष्ट सांगायला धैर्य लागतं. मला ते आवडतं.) कित्येक वर्षं हा आकडा १ होता, आता २ आहे. तुमच्या कॉपीतला आकडा आणि बिल्ड सिस्टीमला हवा असलेला आकडा जुळला नाही तर सॅनिटी तपासणी (बिल्डआधीची प्राथमिक तपासणी) बिल्ड अडवते आणि सांगते: तुमची फाईल वेगळ्या आवृत्तीच्या सॅम्पलवरून बनली आहे, दोन्ही शेजारी ठेवून बघा, बदल आत घ्या, मग आकडा जुळवा. वर मेल्ड नावाचा डिफ दाखवणारा प्रोग्रॅमही सुचवते. फाईल मात्र आपण होऊन बदलत नाही. माणसाने काय लिहिलं असेल याचा अंदाज करण्यापेक्षा त्याला दोन्ही फाईली दाखवणं बरं, हा विचार मला पटतो. पण आकडा वाढवायचा की नाही हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि आपल्या स्वतःच्या लेयरमधल्या टेम्प्लेटच्या बाबतीत ते कुणीच ठरवत नाही. तिथे टेम्प्लेट बदलला तर जुनी कॉपी घेतलेल्यांना काहीच कळत नाही. ते कळवायची जागा म्हणजे रिलीज नोट, आणि तिच्यात ‘टेम्प्लेट अपडेट केला’ असं लिहिणं म्हणजे न लिहिल्यात जमा. कुठली ओळ काढली, तिच्याऐवजी काय, आणि तुमच्या जुन्या लोकल.कॉन्फमध्ये काय बदलायचं, हे सरळ सांगावं लागतं.

आता अशा एका डॉक्युमेंटेशनबद्दल, जे कमेंटमध्ये नसतंच. बिटबेकमध्ये व्हेरिएबलला किंमत द्यायचे प्रकार अनेक. साधं बरोबर, म्हणजे हीच किंमत. प्रश्नचिन्ह आणि बरोबर, म्हणजे आधी कुणी दिली नसेल तर ही. दोन प्रश्नचिन्हं आणि बरोबर, म्हणजे कुणीच काही दिलं नाही तर अगदी शेवटी ही. सॅम्पलमध्ये मशीनबद्दल जे लिहिलंय ते या नजरेने वाचा. वर क्यूएमयूच्या (बोर्डाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वेगवेगळ्या मशीनच्या ओळी हॅशमागे, सगळ्या एका प्रश्नचिन्हाच्या. खाली एकच चालती ओळ:

मशीन ??= "क्यूएमयूएक्स८६-६४"

वरच्या कुठल्याही ओळीचा हॅश काढा, ती जिंकते, कारण खालची जास्त दुबळी आहे. खालची पुसावी लागत नाही, ओळींचा क्रमही बघावा लागत नाही. कमांड लाइनवर मशीन=क्यूएमयूआर्म लिहून बिटबेक चालवलं तर तेही चालतं, कारण बाहेरून आलेली किंमत या दुबळ्या ओळीपेक्षा वरचढ. आता कुणीतरी आपल्या बोर्डासाठी टेम्प्लेट बनवताना ही प्रश्नचिन्हं अनावश्यक वाटून काढली आणि साधं बरोबर ठेवलं, तर यातलं एकही चालत नाही. कमांड लाइनवरून दिलेलं मशीन मुकाट्याने फेकलं जातं. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त भलत्याच मशीनची इमेज.

डाउनलोडच्या डिरेक्टरीचंही तसंच. बिटबेक.कॉन्फमध्ये आधी साइट.कॉन्फ वाचली जाते, मग लोकल.कॉन्फ. साइट.कॉन्फ ही टीमभर सारख्या असणाऱ्या गोष्टींसाठी: प्रॉक्सी, सगळ्यांचा मिळून डाउनलोड फोल्डर, मिरर. टेम्प्लेटमध्ये डीएल_डिर एका प्रश्नचिन्हाने लिहिलं असेल तर साइट.कॉन्फने आधी दिलेली किंमत टिकते. साधं बरोबर लिहिलं तर लोकल.कॉन्फ नंतर येऊन तिचं म्हणणं खोडून काढते आणि टीमसाठी काळजीपूर्वक लावलेली व्यवस्था प्रत्येक नव्या बिल्डमध्ये गुपचूप बाद होते. म्हणजे एक प्रश्नचिन्ह हे सांगतं की इथे शेवटचा शब्द कुणाचा. टेम्प्लेट तपासताना मी कमेंटच्या आधी ही चिन्हं वाचतो, आणि चिन्ह व कमेंट एकमेकांशी भांडत असतील तर चिन्ह बदलायला लावतो. वाचणारा कमेंट वाचेलच असं नाही, बिटबेक चिन्ह नक्की वाचणार. शंका असेल तेव्हा बिटबेक-गेटव्हर आहे. व्हेरिएबलचं नाव दिलं की कुठल्या फाईलीच्या कुठल्या ओळीने काय केलं याचा सगळा पाढा तो वाचून दाखवतो. ‘ही मूळ किंमत आहे’ असं कमेंटमध्ये लिहिण्याआधी तो एकदा चालवावा. आठवणीवर लिहिलेल्या अशा विधानांचा काही भरवसा नसतो.

टेम्प्लेटमधल्या मूळ किमतीकडे लोक शिफारस म्हणून बघतात, याचा विसर पडून चालत नाही. पोकीच्या लोकल.कॉन्फ.सॅम्पलमध्ये एक्स्ट्रा_इमेज_फीचर्समध्ये डीबग-ट्वीक्स हे फीचर चालू ठेवलेलं असे. नाव किती निरुपद्रवी! प्रत्यक्षात त्यामुळे रूटचा पासवर्ड रिकामा राही आणि एसएसएचवरून रूट म्हणून आत शिरता येई. टेबलावरच्या बोर्डासाठी ते ठीकच आहे, दर बूटला पासवर्ड कोण टाकत बसणार? कमेंटमध्ये तसं लिहिलेलंही होतं. पण कॉपी झालेली फाईल पुढे कुठे जाईल हे कमेंटच्या हातात नसतं. टेबलावरचा बिल्ड हळूहळू प्रॉडक्टचा बिल्ड होतो. मधे कुणी ‘आता लोकल.कॉन्फ नव्याने लिहू’ असं म्हणत नाही. नंतरच्या आवृत्त्यांनी हे एकत्र नाव काढून टाकलं आणि त्यात दडलेल्या लॉगिनच्या सवलती सुट्या लिहायला लावल्या: रिकामा पासवर्ड चालेल, रूटचा पासवर्ड रिकामा, रूटने लॉगिन करता येईल. काम तेच, पण आता ती ओळ वाचताना माणूस दचकतो, आणि दचकायलाच हवं. ट्वीक्सवर कितीही इशारे लिहिले असते तरी या तीन नावांइतके ते चालले नसते. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने कधीकधी कमेंट लिहिण्याऐवजी नाव बदलण्याचा हट्ट धरावा तो यासाठी.

दुसऱ्या घराण्यातली पद्धत शेजारी ठेवून बघितली की योक्टोची ही पद्धत जास्त नीट कळते. लिनक्स कर्नल आणि बिल्डरूट (योक्टोसारखंच लिनक्स बांधायचं टूल), दोन्हीकडे केकॉन्फिग ही पर्याय निवडायची व्यवस्था आहे आणि टेम्प्लेटचं काम डेफकॉन्फिग नावाची फाईल करते. मेक सेव्हडेफकॉन्फिग म्हटलं की सध्याच्या कॉन्फिगरेशनपैकी मूळ किमतीहून वेगळ्या असलेल्या तेवढ्याच ओळी लिहून मिळतात, बाकी सगळं गळून जातं. तुम्ही हाताने लिहिलेल्या कमेंटही गळून जातात. पहिल्यांदा कळलं की राग येतो. नंतर लक्षात येतं की तिथे कमेंटची जागाच वेगळी ठरवली आहे: पर्याय जिथे जन्मतो तिथेच, केकॉन्फिग फाईलीत, त्याचा हेल्प मजकूर. मेन्यूकॉन्फिगमध्ये प्रश्नचिन्ह दाबलं की तोच दिसतो. कर्नलची चेकपॅच स्क्रिप्ट नव्या पर्यायाचा हेल्प फार तोकडा असेल तर टोकते. त्या हेल्पच्या शेवटी वर्षानुवर्षं येणारं ‘खात्री नसेल तर एन म्हणा’ हे वाक्य डॉक्युमेंटेशनचा उत्तम नमुना आहे. घाईत असलेल्या माणसाला काय करायचं तेवढं सांगून ते त्याला मोकळं करतं.

डेफकॉन्फिग आटोपशीर ठेवण्यामागे इतिहासही आहे. २०१०च्या सुमारास कर्नलमधल्या एआरएम बोर्डांच्या डेफकॉन्फिग अतोनात फुगल्या होत्या. प्रत्येक बोर्डाची पुरी कॉन्फिगरेशन, हजारो ओळी, त्यातल्या बहुतेक मूळ किमतीच पुन्हा लिहिलेल्या, आणि प्रत्येक रिलीजला त्यांचे भलेमोठे डिफ. लिनस टोरवाल्ड्सने वैतागून त्या सरळ काढून टाकायची भाषा केली. उपाय निघाला तो ओळी छाटण्याचा: एक ओळ काढायची, निकाल तोच येतो का बघायचं, येत असेल तर ती ओळ नकोच. काही बिघडलं नाही आणि फाईली कितीतरी बारीक झाल्या. उरलेल्या ओळीत निदान एक गुण आला. ती आहे म्हणजे कुणीतरी ती मुद्दाम लिहिली आहे.

योक्टोच्या टेम्प्लेटवरही हाच प्रयोग करावा असं माझं मत आहे. सॅम्पलमधली प्रत्येक ओळ काढून बघा. निकाल बदलत नसेल तर ती तिथे का? बदलत असेल तर ती इथेच असायला हवी का? बोर्डाबद्दलची गोष्ट असेल तर तिची जागा मशीनच्या कॉन्फिगरेशनमध्ये. सिस्टीमडी की आणखी काही, पॅकेज कुठल्या फॉरमॅटचे, असली धोरणं डिस्ट्रोच्या कॉन्फिगरेशनमध्ये. या दोन्ही फाईली लेयरमध्ये राहतात, व्हर्जन कंट्रोलमध्ये असतात, कॉपी होत नाहीत, आणि म्हणून त्यांतली कमेंट सुधारली की ती सगळ्यांना सुधारलेली मिळते. लोकल.कॉन्फमध्ये खरोखर स्थानिक तेवढंच उरावं: माझी डिस्क, माझं नेटवर्क, आज मी कुठलं मशीन बांधतोय. एखाद्या ओळीवर दहा ओळींची कमेंट लिहावी लागते आहे असं दिसलं की ती ओळ चुकीच्या फाईलीत आहे असा माझा पहिला संशय असतो. बहुतेक वेळा तो खरा निघतो.

कॉपीचा प्रश्नच नको म्हणणाऱ्यांनी कास नावाचं टूल काढलं. त्यात कुठल्या रिपॉझिटरी, कुठल्या कमिटवर, कुठले लेयर आणि लोकल.कॉन्फमध्ये कुठल्या ओळी हे सगळं एका वायएएमएल फाईलीत लिहायचं, आणि कास दर वेळी लोकल.कॉन्फ नव्याने लिहितो. म्हणजे टेम्प्लेट सुधारला की सगळ्यांचा सुधारतो. किंमतही मोजावी लागते: लोकल.कॉन्फमध्ये हाताने केलेला बदल पुढच्या वेळी पुसला जातो. हे ज्याला माहीत नाही त्याची आख्खी दुपार जाऊ शकते. तेव्हा कास वापरणाऱ्या टीमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पहिलं वाक्य हे असावं की लोकल.कॉन्फला हात लावू नका, बदल वायएएमएलमध्ये करा. साध्या योक्टोच्या टीममध्ये पहिलं वाक्य नेमकं उलट: टेम्प्लेट फक्त पहिल्यांदा कॉपी होतो. टेम्प्लेटकॉन्फ नंतर बदलून काही होत नाही, नवा टेम्प्लेट हवा असेल तर नवी बिल्ड डिरेक्टरी करा. ‘मी टेम्प्लेट बदलला, काहीच झालं नाही’ ही तक्रार टीममध्ये माणूस बदलला की पुन्हा येते, आणि तिचं उत्तर बहुतेक मॅन्युअलमध्ये तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात लपलेलं असतं. ते वर आणा. कुठल्या टेम्प्लेटवरून डिरेक्टरी बनली याची नोंद कॉन्फ फोल्डरमध्ये टेम्प्लेटकॉन्फ.सीएफजी या फाईलीत राहते, हेही तिथेच सांगा. मदत मागणाऱ्याला पहिलं ती उघडायला लावली की अर्धी चर्चा वाचते.

जुन्या मॅन्युअलवर विसंबणाऱ्यांचं घोडं आणखी एका जागी अडतं. २०२२च्या ऑक्टोबरमधल्या ४.१, म्हणजे लँगडेलपासून, टेम्प्लेट लेयरच्या कॉन्फ फोल्डरमध्ये थेट ठेवून चालत नाही. कॉन्फमध्ये टेम्प्लेट्स, त्यात टेम्प्लेटच्या नावाचा फोल्डर, आणि त्यात फाईली. तसं नसेल तर स्क्रिप्ट एरर देऊन थांबते. आधीची वर्षं ज्यांनी ‘पाथ इथे द्या’ असं मोघम लिहून ठेवलं होतं त्यांच्या टीममधल्या लोकांनी जुनाच पाथ दिला. ही रचना आली तिचा फायदा असा की एका लेयरमध्ये अनेक टेम्प्लेट ठेवता येतात, डेव्हलपरसाठी एक, सीआयसाठी (आपोआप बिल्ड चालवणाऱ्या यंत्रणेसाठी) एक.

त्याच सुमारास बिटबेक-लेयर्समध्ये सेव्ह-बिल्ड-कॉन्फ ही सबकमांड आली. चालतं कॉन्फिगरेशन घेऊन त्याचा टेम्प्लेट बनवून लेयरमध्ये ठेवायचं काम ती करते, पाथच्या जागी ##ओईरूट## परत घालते. शेवटी ती जे सांगते ते मला महत्त्वाचं वाटतं: टेम्प्लेट इथे ठेवला आहे, फाईली नजरेखालून घाला, आणि विशेषकरून सारांश व टिपा तुम्ही लिहा. बाकी सगळं टूलला जमलं. हे कॉन्फिगरेशन कुणासाठी आणि कशाला, एवढं मात्र त्याला माहीत असणं शक्य नाही.

या टिपांची फाईल म्हणजे कॉन्फ-नोट्स.टीएक्सटी. स्क्रिप्ट सोर्स केली की ती दर वेळी स्क्रीनवर येते, फक्त पहिल्यांदा नाही. जुन्या आवृत्त्यांत ती थेट लेयरमधून वाचली जाई, म्हणजे कॉपीच्या कचाट्यातून सुटलेली ही एकच जागा होती; नव्या आवृत्त्यांत तीही बिल्ड डिरेक्टरीत कॉपी होते. जे माणसाला दर वेळी समोर हवं आहे, ते इथे. फक्त ती दर वेळी दिसते म्हणून आखूडच हवी. नेहमीचे दोन-तीन टार्गेट आणि ते कशासाठी, बस. ज्या टीमने तिच्यात तीस ओळी भरल्या तिथे आठवड्याभरात कुणाचे डोळे त्यावर थांबेनासे होतात.

आणि कॉन्फ-समरी.टीएक्सटी, एका वाक्याची. ओई-सेटअप-बिल्ड उपलब्ध टेम्प्लेटची यादी दाखवतो त्यात नावाशेजारी हे वाक्य येतं. मी वाचलेल्यांपैकी बहुतेक ‘आमच्या बोर्डासाठीचं डीफॉल्ट कॉन्फिगरेशन’ या थाटाचे असतात. यादीतल्या चार टेम्प्लेटपैकी चारही आपल्या बोर्डासाठीचेच असतात, तेव्हा निवडणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. मी ते असं लिहायला सुचवतो: ‘टेबलावरच्या कामासाठी, रूटला पासवर्ड नाही, बाहेर पाठवायची इमेज यावरून बांधू नये.’ आणि शेजारच्याला: ‘बाहेर पाठवायच्या इमेजसाठी, सीआय हेच वापरतो.’